मानद हुद्दा आणि अधिकाराचे कमिशन

आपल्या उपनगरातील कोणत्याही सहकारी गृहनिर्माण संस्थेत जा. अंधेरी असो, घाटकोपर असो की मुलुंड, तळमजल्यावर एक फलक हमखास लावलेला असतो. त्यावर अध्यक्ष, मानद सचिव, मानद खजिनदार अशी नावे असतात. हे मानद सचिव पाण्याच्या टाकीपासून सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तापर्यंत सगळे पाहतात. चेकवर सहीही करतात. फक्त पगार घेत नाहीत. म्हणजे येथे ‘मानद’ या शब्दाचा अर्थ काम आहे, अधिकार आहे, मोबदला नाही, असा होतो.

वर्तमानपत्रात जेव्हा बातमी येते की, अमुक खेळाडूला सैन्यात मानद लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा मिळाला, तेव्हा शब्द तोच असतो. अर्थ मात्र जवळजवळ उलटा असतो. येथे मान आहे, गणवेश आहे, पण तुकडीवर हुकूम चालवण्याचा अधिकार नाही. दुसऱ्या दिवशी बातमी येते की, एका खासदाराने परीक्षा व मुलाखत देऊन प्रादेशिक सेनेत लेफ्टनंटचे कमिशन मिळवले. हा हुद्दा पहिल्यापेक्षा पुष्कळ खालचा. पण त्यामागे अधिकार आहे आणि बोलावणे आले की हजर होण्याची जबाबदारीही आहे.

या दोन बातम्यांतील फरक आपल्या अनेक विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही. “प्रसिद्ध माणसांनाच असे हुद्दे मिळतात, आपल्याला कोण विचारतो?” असे म्हणून मुले विषय सोडून देतात. मानद हुद्दा मागून मिळत नाही, हे खरे आहे. राखीव अधिकाऱ्याच्या कमिशनसाठी मात्र अर्ज करता येतो. तो अर्ज बँकेतला कारकूनही करू शकतो, शिक्षकही आणि दुकानदारही. म्हणून या दोन्ही गोष्टींचे नियम व रीती साध्या शब्दांत मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

हुद्दा देतो कोण?

सैन्यातील अधिकाऱ्याचे कमिशन राष्ट्रपतींच्या नावाने मिळते, कारण राज्यघटनेनुसार सेनादलांचे सर्वोच्च सेनापतिपद राष्ट्रपतींकडे आहे. नेमणुकीची नोंद भारताच्या राजपत्रात होते. एखाद्या खाजगी संस्थेने, मंडळाने किंवा ‘विद्यापीठ’ म्हणवणाऱ्या कोणा प्रतिष्ठानने ‘मानद कर्नल’ अशी छापील सनद दिली, तर तिची किंमत कागदाएवढीच समजावी.

येथे राज्यघटनेतील एक कलम मुद्दाम सांगावेसे वाटते. अठराव्या कलमाने राज्यसंस्थेला किताब देण्यास मनाई केली. रावबहादूर, सर, दिवाणबहादूर हे सारे त्यामुळे संपले. माणसामाणसांत जन्माने किंवा मेहेरबानीने उच्चनीचता उभी राहू नये, हा त्यामागचा हेतू होता. मात्र या मनाईला दोनच अपवाद ठेवले गेले : सैनिकी बहुमान आणि विद्याविषयक बहुमान. शौर्य आणि विद्या या दोन गोष्टी कमवाव्या लागतात. प्रजासत्ताकात ‘कॅप्टन’ आणि ‘डॉक्टर’ हे शब्द नावापुढे टिकून राहिले ते यामुळेच.

मानद नेमणुकांचे प्रकार

पहिला प्रकार रेजिमेंटच्या कर्नलचा. हा शब्द ऐकून पुष्कळांचा गोंधळ होतो. ‘रेजिमेंटचा कर्नल’ हा हुद्द्याने कर्नल नसतो; बहुधा तो लेफ्टनंट जनरल किंवा त्याहून वरचा अधिकारी असतो. त्याचे रोजचे काम दुसरेच असते. कोठे कोअरची कमान असेल, कोठे मुख्यालयातील पद. त्यासोबत आपल्या रेजिमेंटचे पालकत्व त्याच्याकडे दिलेले असते. रेजिमेंटच्या परंपरा, जवानांचे आणि माजी सैनिकांचे कल्याण, वीरपत्नींची विचारपूस, स्थापनादिनाचे सोहळे यांत तो वडीलधाऱ्याच्या नात्याने लक्ष घालतो. लढाईच्या वेळी पलटणींना हुकूम मात्र त्या त्या ठिकाणचे सेनापतीच देतात. जनरल के. व्ही. कृष्णराव हे महार रेजिमेंटचे असे कर्नल होते. ते १९८१ मध्ये लष्करप्रमुख झाले. १९८६ मध्ये लष्करप्रमुख झालेले जनरल सुंदरजी हेही मूळ याच रेजिमेंटचे अधिकारी.

दुसरा प्रकार जवानांतून वर आलेल्यांचा. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस नायक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर अशा पायऱ्या चढतो. उत्तम सेवा बजावलेल्या निवडक सुभेदारांना व सुभेदार मेजरांना प्रजासत्ताकदिनी आणि स्वातंत्र्यदिनी मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन हा हुद्दा जाहीर होतो. सियाचीनच्या शिखरावरील चौकी जिंकणारे परमवीरचक्र विजेते बाणासिंग मानद कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. कारगिलचे परमवीर योगेंद्रसिंह यादव हेही २०२१ च्या अखेरीस याच हुद्द्याने निवृत्त झाले. आमच्या मते मानद हुद्द्यांत सर्वांत मोलाचा हाच. तो आयुष्यभराच्या चाकरीच्या शेवटी मिळतो.

तिसरा प्रकार नामवंत नागरिकांचा. याचे जुने आणि मुंबईचे उदाहरण म्हणजे जे. आर. डी. टाटा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन निघालेले त्यांचे विमान अंधेरीजवळच्या जुहूच्या धावपट्टीवर उतरले. भारतीय हवाई दलाने १९४८ मध्ये त्यांना मानद ग्रुप कॅप्टन केले. पुढे १९६६ मध्ये मानद एअर कमोडोर आणि १९७४ मध्ये मानद एअर व्हाइस मार्शल असे बहुमान त्यांना मिळाले. सचिन तेंडुलकर यांना हवाई दलाने ३ सप्टेंबर २०१० रोजी मानद ग्रुप कॅप्टन केले, तेव्हा तो मान मिळवणारे ते पहिले खेळाडू ठरले. विमानचालनाशी त्यांचा त्यापूर्वी संबंध नव्हता. भूदलात असे हुद्दे मुख्यतः प्रादेशिक सेनेतून दिले जातात. कपिल देव यांना २००८ मध्ये, अभिनव बिंद्रा व महेंद्रसिंग धोनी यांना २०११ मध्ये लेफ्टनंट कर्नलचा मानद हुद्दा मिळाला. धोनी यांचा हुद्दा पॅराशूट रेजिमेंटशी जोडलेला होता. हुद्दा मानद मिळाला, पण छातीवरचा पंखांचा बिल्ला मानद मिळत नाही. त्यासाठी २०१५ मध्ये आग्रा येथे त्यांना विमानातून पाच उड्या माराव्या लागल्या.

नीरज चोप्रा यांचे उदाहरण आणखी वेगळे आहे. ते २०१६ मध्ये राजपुताना रायफल्समध्ये नायब सुभेदार म्हणून दाखल झाले, सुभेदार मेजरपर्यंत चढले आणि २०२५ मध्ये प्रादेशिक सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल झाले. भालाफेकीने मिळालेला मान आणि सैन्यातील नोकरी अशा दोन्ही वाटा येथे एकत्र आलेल्या दिसतात.

यांशिवाय दोन रीती सांगण्यासारख्या आहेत. नेपाळच्या लष्करप्रमुखांना भारतीय सैन्याचे मानद जनरल आणि आपल्या लष्करप्रमुखांना नेपाळच्या सैन्याचे मानद जनरल करण्याची परंपरा १९५० पासून चालत आली आहे. आणि विद्यापीठांच्या कुलगुरूंना राष्ट्रीय छात्रसेनेत, म्हणजे एनसीसीत, मानद कर्नलचा हुद्दा दिला जातो. कुलगुरूंच्या खांद्यावर चिन्हे दिसली की ती या कारणाने असतात.

मानद हुद्दा हा असा कृतज्ञतेचा, आदराचा किंवा नव्या पिढीला आकर्षित करण्याचा मार्ग आहे. त्यात कमीपणा काहीच नाही. पण तो पाहून ‘सैन्याचा अधिकारी असाच होतो’ असे समजणे चूक आहे.

राखीव अधिकारी म्हणजे कोण?

कोणताही देश युद्धाला लागतील तेवढी माणसे बारा महिने छावणीत ठेवत नाही. म्हणून राखीव दल असते. त्याचे दोन भाग ढोबळ मानाने ध्यानात ठेवावेत. एक, सैन्यातून मुदत संपवून बाहेर आलेले, पण ठरावीक वर्षे पुन्हा बोलावले जाऊ शकतील असे अधिकारी व जवान. दोन, प्रादेशिक सेना, म्हणजे टेरिटोरियल आर्मी. आपल्या पोटापाण्याचा उद्योग सांभाळून वर्षातील काही काळ गणवेश घालणाऱ्या नागरिकांची ही सेना आहे.

तिचा पूर्वेतिहास बोलका आहे. इंग्रजांनी १९२० मध्ये दोन दले काढली. युरोपियन व अँग्लो-इंडियन लोकांसाठी ऑक्झिलियरी फोर्स आणि हिंदी लोकांसाठी इंडियन टेरिटोरियल फोर्स. काम एक, दरवाजे दोन! स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या प्रादेशिक सेना कायद्याने एकच दरवाजा ठेवला आणि तो सर्व नागरिकांना खुला केला. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या सेनेचे उद्घाटन झाले. तो दिवस आजही प्रादेशिक सेना दिन म्हणून पाळला जातो. तिच्या पायदळ पलटणी नेहमीच्या रेजिमेंटांशी जोडलेल्या असतात. पुण्याची १०१ वी आणि कोल्हापूरची १०९ वी या मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या, तर मराठवाड्यात झाडे लावणारी १३६ वी पर्यावरण बटालियन महार रेजिमेंटची. या पर्यावरण बटालियनमध्ये माजी सैनिक असतात.

नागरिकाने अधिकारी होण्यासाठीचे मुख्य नियम असे आहेत. अर्जदार भारताचा नागरिक आणि मान्य विद्यापीठाचा पदवीधर असावा. शाखा कोणतीही चालते. वय १८ ते ४२ वर्षे. तो कमावता असावा, म्हणजे नोकरी, धंदा किंवा व्यवसाय काहीतरी हवे. ही अट ऐकून मुलांना नवल वाटते, कारण इतर भरतीत बेकार मुलगा अर्ज करतो, येथे कमावत्यानेच करायचा असतो. सैन्य, पोलीस किंवा निमलष्करी दलात सध्या नोकरीला असणाऱ्यास अर्ज करता येत नाही.

निवडीच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत. आधी लेखी परीक्षा असते. तीत तर्कशक्ती, अंकगणित, सामान्यज्ञान आणि इंग्रजी हे विषय येतात. प्रत्येक भागात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के गुण लागतात. मग प्राथमिक मुलाखत मंडळ, त्यानंतर नेहमीच्या अधिकाऱ्यांची निवड करणारे सेवा निवड मंडळ आणि शेवटी वैद्यकीय तपासणी. यशस्वी उमेदवाराला लेफ्टनंटचे कमिशन मिळते. पहिल्या वर्षी एक महिन्याचे मूलभूत प्रशिक्षण, दर वर्षी दोन महिन्यांचे वार्षिक प्रशिक्षण आणि पहिल्या दोन वर्षांत चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत तीन महिने, असा क्रम आहे. त्या काळात नेहमीच्या अधिकाऱ्याइतकेच वेतन व भत्ते मिळतात. लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती सेवाकाळानुसार, तर त्यापुढची निवडीने होते.

जागा फार थोड्या असतात, हेही लपवून ठेवता कामा नये. २०२३ मध्ये नागरिकांसाठी सबंध देशात जाहीर झालेल्या जागा होत्या १९. त्यातली १ स्त्रियांसाठी. स्त्रियांना हे दार उघडले तेही २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिल्यानंतर. शिवाय ही पूर्णवेळ नोकरी नव्हे आणि निवृत्तिवेतनाची हमीही नाही. अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी प्रत्यक्ष सेवेची वीस वर्षे भरावी लागतात. घरी राहून आपला धंदा केला ते दिवस त्यात धरले जात नाहीत. जो केवळ पगारासाठी जाईल त्याची निराशा होईल.

“बोलावणे आले तर आमच्या नोकरीचे काय?” हा नोकरदाराचा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर कायद्यातच आहे. प्रादेशिक सेनेत सैनिकी सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला सेवा संपल्यावर पुन्हा कामावर घेणे हे मालकाचे कर्तव्य ठरवलेले आहे. तरीही अर्जाआधी आपल्या कार्यालयाकडून ना-हरकत पत्र घ्यावे. साहेबांना अंधारात ठेवून केलेला अर्ज पुढे अडतो.

आणि बोलावणे येते, हे कोणी विसरू नये. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत प्रादेशिक सेनेला सेवेत घेतले गेले होते. अलीकडे ६ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने आदेश काढून लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेनेतील अधिकारी व जवान सेवेत बोलावण्याचा अधिकार दिला आणि ३२ पायदळ बटालियनांपैकी १४ सेवेत घेण्यास मंजुरी दिली. सचिन पायलट यांनी २०१२ मध्ये आणि अनुराग ठाकूर यांनी २०१६ मध्ये या सेनेत लेफ्टनंटचे कमिशन घेतले. खेळाडूचा मानद हुद्दा लेफ्टनंट कर्नलचा आणि खासदाराचा हुद्दा साध्या लेफ्टनंटचा, असे का, याचा उलगडा आता वाचकांना झाला असेल. लेफ्टनंटने परीक्षा दिलेली असते. त्याला जवान सोपवले जातात आणि त्यांचा जबाब त्यालाच द्यावा लागतो.

आपल्या दृष्टीने या फरकाचे मोल

मान वेगळा आणि अधिकार वेगळा, हे आपल्या लोकांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. इंग्रजांच्या सैन्यात हिंदी माणूस सुभेदार होई, त्याला सलाम मिळे. पण नुकताच विलायतेहून आलेला पोरसवदा गोरा अधिकारीही त्याच्या वरचा असे. संस्थानिकांच्या मुलांसाठी १९०१ मध्ये इंपीरियल कॅडेट कोअर काढली. तेथून बाहेर पडलेल्या राजपुत्रांनाही गोऱ्या सैनिकांवर हुकूम चालवता येत नसे. गणवेश झगमगीत, पण अधिकार बेताचा. हिंदी माणसाला खऱ्या अर्थाने अधिकारी घडवणारी देहरादूनची अकादमी १९३२ मध्ये निघाली.

महार समाजाला तर सलामाचीही वाट बंद झाली. पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत लढलेल्या या समाजाची भरती १८९० च्या दशकात थांबली. स्वतः निवृत्त सैनिक असलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्जाची मोहीम उभी केली. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी विलायतेच्या सरकारकडे अर्ज केला. त्यांनी बहुमान मागितला नव्हता, दार उघडा एवढेच म्हटले होते. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली. गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडण्यात आली.

सुभेदार रामजी सकपाळांचे पुत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची १९४१ च्या जुलैत संरक्षणविषयक सल्लागार समितीवर नेमणूक झाली. त्यांनी हा प्रश्न तेथे लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, दुसरी कामठीला. पुढे १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली आणि सर्व समाजांतील जवानांना खुली झाली. एका समाजासाठी मागितलेले दार शेवटी सर्वांसाठी उघडले, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे.

या रेजिमेंटचे परमवीरचक्र मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर मिळाले. ते जन्माने मुंबईकर. शिक्षण एसआयईएस महाविद्यालयात. पदवी घेऊन ते मद्रासच्या अधिकारी प्रशिक्षण संस्थेत गेले, १९७२ मध्ये महार रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले आणि २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत जवानांच्या पुढे राहून धारातीर्थी पडले. मुंबईतला एक साधा पदवीधर ज्या दाराने आत गेला, ते दार आजही तेथेच आहे.

विद्यार्थ्यांसाठी व संस्थांसाठी थोडी सूचना

महाविद्यालयात असाल तर एनसीसीत नाव घाला. एनसीसीतील मुलांवर सैनिकी सेवेचे बंधन नसते, त्यामुळे पालकांनी घाबरू नये. वरिष्ठ विभागात राहून ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत मिळवले आणि पदवीला ५० टक्के गुण असले, तर चेन्नईच्या अकादमीसाठी लेखी परीक्षा न देता थेट सेवा निवड मंडळापुढे जाता येते. शिक्षकी पेशात असणाऱ्यांना एनसीसीचे सहयोगी अधिकारी होता येते. पुरुष शिक्षकांचे त्यासाठीचे प्रशिक्षण आपल्या कामठीलाच होते. नोकरीला लागलेल्यांनी प्रादेशिक सेनेच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावे. अर्ज अधिकृत संकेतस्थळावरच भरावा आणि दलालाला एक पैसाही देऊ नये.

आपल्या संस्था कार्यक्रमाला माजी सैनिकांना बोलावतात, तेव्हा निमंत्रणपत्रिकेत ‘निवृत्त कर्नल अमुक’ असे छापले जाते. सैन्याची रीत अशी की, हुद्दा निवृत्त होत नाही, माणूस निवृत्त होतो. म्हणून ‘कर्नल अमुक (निवृत्त)’ असे छापावे. मानद कॅप्टन असलेल्या वृद्ध सुभेदारसाहेबांच्या नावापुढेही ‘मानद कॅप्टन’ हे शब्द आवर्जून घालावेत. ते त्यांनी कमावलेले आहेत. मिरवणुकीत मात्र हौसेखातर कोणी सैन्याचा गणवेश चढवू नये. आपण सैनिक आहोत असे लोकांस भासवण्यासाठी तसा वेष घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या १६८ व्या कलमाखाली गुन्हा आहे. त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कोणाला मानद हुद्दा मिळाला तर आपण टाळ्या अवश्य वाजवाव्यात. पण आपल्या वाडवडिलांनी सरकारदरबारी अर्ज केले ते अशा टाळ्यांसाठी नव्हेत. आपल्या मुलाला इतरांच्या बरोबरीने परीक्षेला बसू द्यावे, तो उतरला तर त्याच्या हाती जबाबदारी द्यावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ती परीक्षा आज सर्वांना खुली आहे. पुढच्या वेळी जाहिरात निघेल तेव्हा अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातून आपल्या मुलामुलींचे पाचपन्नास अर्ज गेलेले असावेत, अशी आमची इच्छा आहे.